वीस मिनिटं की पाऊण तास? बारामती-इंदापूरकरांसाठी एमआरआयच्या खर्चाचा हिशेब

कंबरेतून निघालेली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, दोन महिने गोळ्या होतात, आणि एक दिवस डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात: 'एमआरआय, एलएस स्पाइन'. इंदापूरच्या घरात फोनाफोनी सुरू होते. एक सेंटर म्हणतं, "वीस मिनिटांत मोकळे व्हाल." दुसरं म्हणतं, "पाऊण तास धरून या." दरातही हजाराचा फरक. मग घरात दोन तट पडतात. काका म्हणतात, इतक्या लवकर उरकतात म्हणजे काहीतरी गाळत असणार. पुतण्या म्हणतो, मशिन नवं असेल.

दोघांचंही बरोबर असू शकतं. एमआरआयचा वेळ तीन वाटांनी वाचतो: चांगल्या तंत्रामुळे, फोटोचा दर्जा उतरवून, किंवा तपासणीतला एखादा भागच गाळून. पावतीवर मात्र तिन्ही ठिकाणी एकच ओळ छापलेली असते. पैसे भरण्याआधी हा फरक कसा ओळखायचा आणि एकूण खिशाला किती पडतं, ते पाहू.

आधी विचारा: काढायलाच हवा का?

साधी कंबरदुखी असेल आणि सुरू होऊन सहा आठवडेही झाले नसतील, तर लगेच एमआरआय काढण्याचा सल्ला वैद्यकीय संकेत देत नाहीत. बहुतेकांची कंबर हालचाल, व्यायाम आणि औषधांवर तेवढ्या काळात सावरते. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यातली गादी फुगलेली, दिसतो. रिपोर्टातला तो शब्द वाचून घाबरण्यात आणि पुढच्या तपासण्यांत पैसे जातात ते वेगळेच. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, "या रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहेत का?"

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, तापासोबत पाठदुखी, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, अपघाताचा मार. अशा वेळी दर विचारत बसायचं नाही, जवळचं चांगलं रुग्णालय गाठायचं.

"सीटी करून टाकू, दोन मिनिटांत होतो," असंही कुणी सुचवतं. सीटीचा स्कॅन खरोखरच काही सेकंदांत होतो आणि स्वस्तही पडतो. हाड मोडलं असेल, डोक्याला मार लागून रक्तस्राव झाला असेल, तर तोच आधी हवा. पण त्यात एक्स-रे किरणं वापरतात, आणि दबलेली नस, गादी, गुडघ्यातलं लिगामेंट एमआरआयमध्येच नीट दिसतं. कोणता स्कॅन काढायचा हे वेळेवरून किंवा दरावरून नाही, डॉक्टरांच्या शंकेवरून ठरतं.

मिनिटं जातात कुठे?

३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेमंड दमाडियन यांच्या चमूने जिवंत माणसाच्या छातीचा पहिला एमआरआय घेतला. एका प्रतिमेला पावणेपाच तास लागले.

मोबाइलसारखा एका क्षणात फोटो काढणं एमआरआयला जमत नाही. तो ओळीमागून ओळ अशी माहिती गोळा करतो. एका ओळीला ३ सेकंद आणि फोटोला २५६ ओळी धरल्या तर ७६८ सेकंद होतात, म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद. आणि हा झाला फोटोंचा एकच संच. टेक्निशियन त्याला 'सीक्वेन्स' म्हणतात. मणक्याच्या तपासणीत असे चार-पाच तरी संच लागतात. १९८६ मध्ये जर्मनीच्या युर्गेन हेनिग यांनी एका फेरीत अनेक ओळी टिपण्याची रीत मांडली. फेरीला १६ ओळी घेतल्या की वरचं काम ४८ सेकंदांत उरकतं. आज ही रीत सगळीकडे रुळली आहे.

पुढची बचत कॉइलने केली. कॉइल म्हणजे कंबरेखाली किंवा गुडघ्याभोवती बसवतात तो अँटेना. १९९० च्या दशकाअखेर अनेक अँटेना एकाच वेळी कामाला लावायची पद्धत आली आणि निम्म्या ओळींत भागू लागलं. पण त्याची किंमत आहे. वेळ निम्मा केला की फोटोतल्या उपयोगी संदेशाचं खरखरीशी असलेलं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घसरतं. जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसा फोटो दाणेदार होतो. वेळ वाचवायचा आणि मुंग्याही येऊ द्यायच्या नाहीत, यासाठी गेली वीस-पंचवीस वर्षं संशोधकांची खटपट चालू आहे.

पुसलेले ठिपके भरणारं तंत्र

ही खटपट ठिपक्यांच्या रांगोळीवरून चांगली कळते. अंगणात ठिपके मांडले आणि पोरांच्या धावपळीत त्यातले काही पुसले गेले, तरी सराव असलेली बाई अडत नाही. पाकळी कुठे वळणार हे तिला ठाऊक असतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'कॉम्प्रेस्ड सेन्सिंग' हे तंत्र एमआरआयमध्ये आणलं, ते याच जातीचं. ठिपके मुद्दाम कमी घ्यायचे आणि गणिताने नक्षी पूर्ण करायची.

आता तेच काम एआय करतं. त्याने हजारो एमआरआय पाहिलेले असतात, त्यामुळे कमी माहितीतूनही ते खरखर वेगळी काढून स्वच्छ फोटो उभा करतं. जीईचं 'एअर रिकॉन डीएल', सीमेन्सचं 'डीप रिझॉल्व्ह', फिलिप्सचं 'स्मार्टस्पीड' ही नावं सेंटरच्या फलकावर दिसली तर ती याच जातीची सॉफ्टवेअर आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाचं रुग्णालय आणि फेसबुक यांनी २०१८ मध्ये या विषयावर एकत्र काम सुरू केलं. २०२० मध्ये त्यांनी गुडघ्याच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध केला. माहिती नेहमीच्या सुमारे एक चतुर्थांश घेऊनही रेडिओलॉजिस्टांच्या निदानात फरक पडला नाही. म्हणजे पुतण्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

पण धोकाही रांगोळीतच आहे. नक्षीत एक ठिपका जागा सोडून असेल, तर सरावाचा हात तो चुकून पडला असं समजून पुसून टाकील. एमआरआयमध्ये तो जागा सोडलेला ठिपका म्हणजेच आजार. त्याच २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. एआयने उभ्या केलेल्या प्रतिमांत बारीक रचना पुसट होऊ शकतात किंवा नसलेल्या खुणा उमटू शकतात, हे त्यात दाखवलं होतं. म्हणून मशिन किती वेगवान आहे याच्याइतकंच फोटो कोण बघतं, हेही विचारायला हवं. अनुभवी रेडिओलॉजिस्टला शंका आली की तो शंकेचा संच सावकाश, जुन्या पद्धतीने पुन्हा घ्यायला लावतो.

गाळलं असेल तर कसं कळणार?

दर्जा उतरवून किंवा भाग गाळून वाचवलेल्या वेळाच्या खुणा सामान्य माणसालाही दिसतात.

फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख, मशिनच्या चुंबकाची ताकद (टेस्लामध्ये) आणि 'स्लाइस'ची जाडी छापलेली असते. स्लाइस म्हणजे शरीराचा किती जाडीचा काप एका फोटोत आला ते. मणक्याला साधारण ४ मिलिमीटर, गुडघ्याला ३, मेंदूला ५ च्या आसपास जाडी नेहमीची. कापलेल्या काकडीची चकती जितकी जाड, तितकी आतली बारीक बी दिसायची राहून जाते. जाडी यापेक्षा बरीच जास्त दिसली तर कारण विचारावं.

रिपोर्टात सुरुवातीला 'टेक्निक' हा परिच्छेद असतो. कोणते संच घेतले ते तिथे लिहिलेलं असतं. 'मोशन आर्टिफॅक्ट' किंवा 'सबऑप्टिमल' हे शब्द आले तर फोटो हलले आहेत किंवा पुरेसे चांगले नाहीत, असा अर्थ घ्या.

आणखी एक शब्द ओळखीचा हवा: 'होल स्पाइन स्क्रीनिंग'. कंबरेच्या एमआरआयसोबत थोडे पैसे वाढवून मान ते माकडहाडापर्यंत पूर्ण मणक्याचा एक झटपट संच काढून देतात. डॉक्टरांनी मागितला असेल तर तो कामाचा आहे. पण तो मानेचा संपूर्ण एमआरआय नव्हे. मान दुखत असताना "स्क्रीनिंगमध्ये नॉर्मल आलंय" एवढ्यावर विसंबू नये.

मात्र संच कमी घेतले म्हणजे फसवलंच, असंही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नेमका प्रश्न लिहिला असेल, उदाहरणार्थ 'उजव्या पायात कळ, एल-५ नस दबली आहे का', तर रेडिओलॉजिस्ट त्या प्रश्नापुरती आखीव तपासणी करू शकतो. प्रश्न नेमका असला की वेळही वाचतो आणि उत्तरही मिळतं. नुसतं 'एमआरआय स्पाइन' लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांकडून एक ओळ वाढवून घ्या.

वेगासाठी जादा पैसे कुणी मोजावेत?

एमआरआय बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण रुग्णाचं हलणं. म्हणून वेग खरोखर ज्यांच्या उपयोगाचा आहे अशी माणसं ठरावीक आहेत: दहा मिनिटंही उताणं झोपवत नाही असे पाठदुखीचे रुग्ण, दम लागणारे किंवा कंपवाताचे वृद्ध, बोगद्यात जीव घुसमटणारे, आणि लहान मुलं. मुलांना गुंगी द्यावी लागली तर भूलतज्ज्ञाची फी वाढते, उपाशी ठेवावं लागतं, नंतर देखरेखही लागते. तपासणी लहान असेल तर काही मुलांचं गुंगीशिवाय भागतं. यांच्यासाठी हजार रुपये जास्त गेले तरी ते वसूल होतात.

बाकीच्यांना वीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं यांत फारसा फरक पडत नाही. उलट वेगाचा फायदा सेंटरलाच जास्त होतो. १२ तास चालणाऱ्या मशिनवर ४० मिनिटांचा एक याप्रमाणे १८ रुग्ण होतात. २० मिनिटांचा एक धरला तर ३६. तेव्हा "मशिन फास्ट आहे म्हणून दर जास्त" हे कारण निमूट मान्य करू नका, घासाघीस करा. '३ टेस्ला'चंही तसंच. त्यात संदेश जोरकस येतो हे खरं, पण गादी सरकली आहे का हे पाहायला चांगलं १.५ टेस्ला मशिन पुरतं. शरीरात रॉड किंवा स्क्रू असेल तर ३ टेस्लावर धातूभोवतीचा बिघाड जास्त दिसू शकतो.

एकूण हिशेब

खासगी सेंटरमध्ये एका भागाच्या साध्या एमआरआयला साधारण ४ ते ८ हजार रुपये पडतात. फोटोत काही भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागलं तर वर दीड ते तीन हजार आणि वेळ १०-१५ मिनिटं जास्त. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात, त्याचे दीड-दोनशे. रोगनिदानाच्या सेवेवर जीएसटी नाही. पावतीत तो दिसला तर विचारा.

आता इंदापूरच्या एका जोडप्याचं उदाहरण घेऊ. पुण्याचं सेंटर ४,५०० मागतं, बारामतीचं ५,५००. हजार वाचतात म्हणून पुण्याला निघायचं का? जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला ६ किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपये पाच पैसे पडतात. इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे तिकीट २४० च्या घरात, बाईंना निम्मं.

पुणे: स्कॅन ४,५०० + दोघांचं जाऊन-येऊन भाडं ७२० + चहा-जेवण ३०० + दोघांचा दिवसभराचा बुडालेला रोज १,००० धरला, तर ६,५२०.

बारामती: स्कॅन ५,५०० + सुमारे ५० किलोमीटरचं जाऊन-येऊन भाडं २७० + चहापाणी १०० + अर्ध्या दिवसाचा रोज ५००, म्हणजे ६,३७०.

हजाराची बचत रस्त्यातच संपली. रुग्णाला एसटीत बसवत नसेल आणि गाडी करावी लागली, तर पुण्याच्या खर्चात तीन-चार हजार आणखी धरा. इंदापूरकरांनी अकलूज आणि सोलापूरही हिशेबात घ्यावं. इंदापूरहून सोलापूर पुण्यापेक्षा जवळ आहे. बरोबर ज्येष्ठ माणूस असेल तर ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत, हे विसरू नका.

आणि फोटो हलले म्हणून पुण्याच्या सर्जनने "नवीन काढून आणा" म्हटलं, तर हा अख्खा हिशेब दुप्पट होतो. दरातला कुठलाही फरक याच्यापुढे किरकोळ आहे.

कमी खर्चात कुठे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, भिगवणचं ग्रामीण रुग्णालय ही त्यातली. डॉक्टरांना दाखवणं, रक्त तपासणी, एक्स-रे इथेच उरकून घ्या; पुढे पाठवायचं तर चिठ्ठीही इथूनच मिळते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात आणि तिथे सरकारी, खासगीपेक्षा बरेच कमी दर लागतात. बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचं ससून, सोलापूरचं शासकीय रुग्णालय यांच्याकडे निघण्याआधी दोन गोष्टी विचारा: एमआरआय सध्या चालू आहे का, आणि तारीख कधीची मिळेल.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन ठरलेल्या उपचारांसाठी. त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच येतात, त्यांचे वेगळे पैसे मागितले तर रुग्णालयातला योजनेचा 'आरोग्यमित्र' गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा. नुसती चिठ्ठी घेऊन बाहेरून काढलेला एमआरआय सहसा यात बसत नाही. खासगी आरोग्य विम्याचंही बहुधा तसंच, पण त्याच आजारासाठी नंतर दाखल व्हावं लागलं तर आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्या अनेक पॉलिसी भरून देतात. म्हणून चिठ्ठी आणि पक्की पावती जपून ठेवा. एमआयडीसीतल्या कामगारांनी ईएसआयसीचं कार्ड असेल तर आधी तिथली शिफारस घ्यावी.

डॉक्टर एखाद्या ठरावीक सेंटरचं नाव सुचवतात, कधी त्यांच्या अनुभवावरून. पण तिथेच जाण्याचं बंधन नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार गैर आहे. महाराष्ट्रात 'कट प्रॅक्टिस'विरुद्ध कायद्याचा मसुदाही २०१७ मध्ये तयार झाला होता. "मी थेट आलो तर दर काय?" हा प्रश्न विचारायला संकोच नको.

फोनवर विचारायचे सात प्रश्न

१. या भागाच्या साध्या एमआरआयचे सगळे मिळून किती? फिल्म, सीडी, रिपोर्ट त्यात धरून?
२. कॉन्ट्रास्ट लागलाच तर वर किती?
३. मशिन किती टेस्लाचं? टेबलावर किती वेळ लागेल, आणि तो वेळ एआयमुळे कमी झाला आहे की संच कमी घेता म्हणून?
४. रेडिओलॉजिस्ट जागेवर असतात की फोटो बाहेर पाठवता? रिपोर्ट कधी मिळतो?
५. फोटो हलले तर तो संच पुन्हा काढण्याचे पैसे घेता का?
६. आमच्या डॉक्टरांनी फोटो चांगले नाहीत म्हटलं, तर पुन्हा फुकट काढून देता का?
७. अपॉइंटमेंटची वेळ पाळता का, की रांग असते?

तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारं सेंटर बहुधा बाकीच्या गोष्टींतही सरळ असतं.

त्या दिवशी

मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, करदोटा, सगळं घरी काढून ठेवून जा. जरीची साडी नको, साधे सुती कपडे घाला. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, जुन्या ऑपरेशनचा रॉड असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. भवानीनगर-माळेगावच्या कारखान्यांत किंवा एमआयडीसीत वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम केलं असेल आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही आवर्जून सांगा. चुंबकाने तो हलू शकतो. जुने फोटो आणि रिपोर्ट सोबत न्या. खोकला असेल तर आधी औषध घ्या, लघवीला जाऊन या, आणि गुडघ्यांखाली उशी मागून घ्या. कंबर सैल पडली की माणूस कमी हलतो.

निघताना सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या आणि तिथल्याच संगणकावर उघडून बघा. पुण्याचा सर्जन फिल्मपेक्षा त्यावरच जास्त विसंबतो. ती नसेल तर नवा स्कॅन काढण्याची वेळ येते. घरी फिल्म दुमडू नका, उन्हात ठेवू नका.

स्कॅनबद्दल तक्रार असेल आणि तोंडी सांगून दाद मिळाली नाही, तर आधी सेंटरला लेखी कळवा. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

या सगळ्या हिशेबात एक बाब शून्य रुपयांची आहे. स्कॅन संपल्यावर, टेबलावरून उतरण्याआधी टेक्निशियनला विचारा, "दादा, फोटो हलले नाहीत ना?" एखादा संच हलला असेल तर तो तिथेच दोन-चार मिनिटांत पुन्हा निघतो. घरी पोहोचल्यावर तोच प्रश्न साडेसहा हजारांचा होतो.